देवदारी माळा

अण्णा ओव्हाळांच्या तोंडात खिळे नसले की समजायचं, काहीतरी गंभीर आहे. एरवी ते बोलायचे, हसायचे, रागवायचे, ते सगळं ओठांच्या कोपऱ्यात चार-दोन खिळे धरूनच. नव्या माणसाला त्यांचं निम्मं बोलणं कळायचं नाही. मी लग्न होऊन बीडकडून चिंचवडला आले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी दारात एक अगडबंब माणूस उभा राहिला. हातात हातोडी, काखेत फळ्या आणि तोंडातून लोखंड बाहेर आलेलं. मी दोन पावलं मागे सरले. आमचे हे आतून म्हणाले, "घाबरू नकोस, अण्णा आहेत. आपली खाट आणलीय."

ही बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराची गोष्ट. स्टेशनच्या पलीकडे नुसता माळ होता आणि त्या माळावर एकेक कारखाना उभा राहत होता. आम्ही राहायचो त्या पत्र्याच्या खोल्यांना सगळे 'लायनी' म्हणायचे. बहुतेक घरांतले पुरुष एकाच कंपनीत. कंपनीत परदेशातून यंत्रं यायची, ती भल्यामोठ्या लाकडी खोक्यांत बसून. ती खोकी फोडणाऱ्या गँगचे अण्णा मुकादम. मूळचे चाकणजवळच्या कुरुळीचे. सुतारकी त्यांना कुणी शिकवली नव्हती. खोकं फोडता फोडता त्यांना कळलं की ज्याला फोडता येतं त्याला जोडताही येतं, आणि मग ते थांबलेच नाहीत.

रिकाम्या खोक्यांची लाकडं कंपनी कामगारांना पाळीपाळीनं देई. ज्याच्या घरी लग्न किंवा बाळंतपण, त्याची पाळी आधी, हा नियम अण्णांनीच घालून दिलेला. साहेब लोकांनी तो मान्य केला, कारण तो मोडला तर अण्णा तोंडातले खिळे काढत. रविवार आला की लायनीत ठोकाठोक सुरू. कुणाची खाट, कुणाची मांडणी, कुणाचा पाळणा. सगळ्या वस्तू एकाच पिवळसर लाकडाच्या, एकाच वासाच्या. आपल्या घरात मात्र त्यांनी साधा पाटही केला नव्हता. ओव्हाळवहिनी म्हणायच्या, "आमच्याकडं लगीन न्हाई का बाळंतपण न्हाई. आमची पाळी कशी यायची?"

त्या वासाबद्दल सांगायला हवं. राळेसारखा, थोडासा रंगाच्या डब्यासारखा, पण गोड. नवीन खोकं फुटलं की अण्णा फळीला नाक लावून डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "ह्यो डोंगर निराळा हाय." मागच्या खोक्याचा डोंगर कोणता होता ते त्यांनाही ठाऊक नसे. ज्या झाडाचं हे लाकूड, ते झाड त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. पण लाकडाचं नाव त्यांना पक्कं माहीत होतं, आणि त्यांना माहीत म्हणून अख्ख्या लायनीला माहीत. देवदार. तसं सगळा पुणे जिल्हा खोक्याच्या लाकडाला देवदारच म्हणतो, पण अण्णा ते नुसतं म्हणायचे नाहीत, मानायचे. "थंडीच्या मुलखातलं झाड हाय बाई. बारा म्हैने हिरवं. पान गळत न्हाई, आन् लाकूड सडत न्हाई." त्यांच्या घरानं बाबासाहेबांबरोबर बुद्धाला वंदन केलं होतं, तेव्हा देवाचं झाड म्हणून मिरवणं त्यांना जरा अडचणीचं व्हायचं. कुणी छेडलं तर उत्तर तयार असे. "आमी देव सोडला, दार तेवढं ठेवलं."

सर्दीवर त्यांचा उपायही तोच. कुणाचं पोर शिंकायला लागलं की अण्णा त्याला उचलून ताज्या खोक्यात बसवत आणि वर झाकण ठेवत. माझ्या थोरल्याला असं बसवलं तेव्हा मी धावत गेले. पोरगं आत मजेत मांडी घालून बसलं होतं. नाक मोकळं झालं की नाही सांगता येणार नाही, पण त्यानंतर त्याला दर आठवड्याला सर्दी व्हायला लागली हे खरं.

कामाची त्यांची एक रीत होती आणि ती कुणासाठीही बदलत नसे. खोक्यांवर काळ्या रंगाच्या खुणा छापलेल्या असत. एक छत्री, एक पेला, आणि वरची बाजू दाखवणारा बाण. अण्णा त्या खुणा कधी रंध्यानं काढत नसत. उलट बाण असलेली फळी शोधून ती वस्तूत अशी बसवायचे की बाण वरच राहील. "साहेबानं तितनं सांगून पाठीवलंय, वरची बाजू वर. आपुन कशाला उलटं करायचं?" मांडणीचं ठीक होतं, तिला वर-खाली असतं. खाटेला कुठलं वर? अण्णांनी ठरवलं, डोकं वर. त्यामुळे लायनीतल्या प्रत्येक खाटेचा बाण उशाकडे, आणि बाणाकडे पाय करून झोपायची कुणाची छाती नव्हती. माझी नणंद एकदा राहायला आली आणि उलटी झोपली. सकाळी तिची मान धरली. अण्णांना कळलं तेव्हा त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

पेल्याची गंमत निराळीच. आमच्या शेजारच्या शिंद्यांच्या म्हातारीच्या खाटेवर पेला आणि छत्री दोन्ही आले होते. म्हातारी दर सणाला त्या पेल्याला हळदकुंकू लावायची. तिला तो कलश वाटला होता, आणि वर छत्र. "कुण्या मोठ्या घरचं लाकूड दिसतंय," ती सगळ्यांना सांगायची. अण्णा मला हळूच म्हणाले, "बाई, त्यो दारूचा पेला हाय. आत काचंवाणी नाजूक माल हाय, जपून उचला, असं सांगितलंय." मी म्हटलं, मग सांगा की तिला. "कशापायी? खाट तिची, कलश तिचा."

मी मॅट्रिक झालेले, म्हणून लायनीतल्या बायकांनी माझ्या गळ्यात बालवाडी घातली. एक रिकामी खोली मिळाली. जमीन मुरमाची, मी शेणानं सारवून घ्यायची. उन्हाळ्यात छान. पण पावसाळ्यात जमिनीला ओल यायची, आणि दुपारी पोरं निजवली की संध्याकाळी निम्मी खोकत घरी जायची. बऱ्याच पोरांच्या आया कामाला जात, तेव्हा अंगावरची बाळंही माझ्याकडेच असत, पाळण्यात. एके दिवशी अण्णा दाराशी आले, ओल पायानं चाचपली आणि म्हणाले, "पोरं वर घ्या."

"वर कुठे?"

"माळा करतो की."

एका अवजड प्रेसचं खोकं तेव्हा नुकतंच फुटलं होतं. त्यातल्या फळ्या बोटभर जाड. अण्णांनी अर्ध्या खोलीवर माळा घ्यायचा बेत केला. खाली जमिनीत पुरलेले खांब, वर फळ्यांचा तख्तपोस, कडेला कठडा, चढायला शिडी. मोठी पोरं वर निजतील आणि खाली बाळांचे पाळणे टांगता येतील. ऐकूनच मला इतका आनंद झाला की मी त्यांना भर दुपारी शिरा करून घातला. तेव्हा पहिल्यांदा मी त्यांना खिळे हातात काढून खाताना पाहिलं.

त्या माळ्यापायी एक मैत्री तुटली. अण्णांचे जिवाभावाचे दोस्त म्हणजे मालवणकडचे राणे. काडीसारखे बारीक, बोलणं मोजकं. कंपनीत ते भट्टीवर होते, तापलेलं लोखंड तेलात बुडवायच्या कामावर. पहिल्या शिफ्टला दोघं जोडीनं चालत जायचे. खांब पुरायच्या रविवारी राणे बघायला आले. खांबावरून हात फिरवून म्हणाले, "ओव्हाळा, ह्या लाकूड वाळवी खातली. बुडाक तेल लाव. आमच्या भट्टीतला जळका तेल मी आणून देतंय."

अण्णांनी खिळे काढले. "राणे, देवदाराला वाळवी लागत न्हाई. आन् तेल लावलं की वास मरतो. पोरं वर निजायची हायेत, वासात. उगं घाण करू नगंस."

"माका काय? उद्या पोरां पडली तर तू बघ."

बोलायला नको होतं ते राणे बोलून गेले. अण्णांचा चेहरा उतरला. इतक्या बायामाणसांसमोर कुणी त्यांच्या कामाला असं म्हटलं नव्हतं, आणि तेही पोरांच्या पडण्याचं. त्यांनी खिळे पुन्हा तोंडात ठेवले आणि ते ठोकायला लागले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. पहिल्या शिफ्टला निघायचे मात्र एकाच वेळी. एक पुढे, एक मागे, चाल सारखीच, मध्ये दहा पावलांचं अंतर. सगळी लायन ते रोज बघायची आणि हसायची.

माळा झाला, आणि काय झाला म्हणून सांगू. कठड्याच्या मधोमध बाण, अर्थातच वर. पोरं शिडीवरून चढायची ती खारीसारखी. वासानं खोली भरून जायची. मी पाटीवर धडे काढायची आणि वरून पोरांच्या झोपेचे श्वास ऐकू यायचे. खोकला त्या पावसाळ्यात खरंच कमी झाला. अण्णा स्वतः मात्र वर कधी चढले नाहीत. "माझं वजन माळ्याला कशाला? पोरांसाठी हाय त्यो." पाळण्यांसाठी राणेंनी आपणहून लोखंडी हूक बनवून आणले, आणि ते बसवायला माझ्याकडून खोलीची किल्ली नेली. मला बरं वाटलं. म्हटलं, रागाचा माणूस असा, पण बाळांवर राग नाही. पुढे दर मे महिन्यात, बालवाडीला सुट्टी लागली की, ते हूक तपासायला म्हणून किल्ली मागायचे. परत देताना हात काळे असत. भट्टीवरचा माणूस, त्याचे हात काळे असणारच. खांबांपाशी जमीन नव्यानं सारवलेली असायची. राणेवहिनींनी हातासरशी सारवली असेल, असं मी धरून चालले.

अशी बरीच वर्षं गेली. पहिल्या फळीतली पोरं शाळेत गेली, त्यांची धाकटी भावंडं माळ्यावर निजायला लागली. मग एका पावसाळ्याच्या शेवटी शिंद्यांची म्हातारी दुपारी खाटेवर बसली आणि हळूच जमिनीवर आली. खाटेचा पाय मधोमध मोडला होता. म्हातारीला काही झालं नाही. ती बसल्या जागेवरून एवढंच म्हणाली, "कलश खाली आला गं."

अण्णांना बोलावलं. त्यांनी पाय हातात घेतला, दाबला, आणि तो बिस्किटासारखा चुरला. आत लाकूड नव्हतंच. माती होती आणि तिच्यात वळवळणारे पांढरे किडे. वरून पाय तसाच्या तसा पिवळा, गुळगुळीत. अण्णांनी तोंडातले खिळे काढून खिशात टाकले. मग पुष्कळ दिवस ते खिळे तोंडात गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते त्या खाटेचा धड राहिलेला तुकडा घेऊन कंपनीच्या गेटवर गेले. आमचे हे बरोबर होते, त्यांनी मला सांगितलं ते असं. गेटवर बिष्ट नावाचा वॉचमन होता. आम्ही सगळे त्याला गुरखा म्हणायचो आणि तो प्रत्येकाला न चिडता सांगायचा की मी गढवालचा आहे. कुणी ऐकत नसे. अण्णा रोज त्याच्यासमोरून खोक्यांचं लाकूड बाहेर काढायचे, पण त्याचा मुलूख थंडीचा आहे, त्याला झाडाचं विचारावं, हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी तुकडा त्याच्या नाकापुढे धरला. "बिष्टजी, ये देवदार है ना?"

बिष्टनं वास घेतला आणि हसला. "ओव्हाळजी, किसने कहा? ये तो चीड़ है, या चीड़ का कोई भाई. हमारे गाँव में इसकी मशाल जलाते हैं. देवदार के तो मंदिर बनते हैं."

"और दीमक?" अण्णांनी वाळवीचं विचारलं.

"देवदार को छूती नहीं. चीड़ को मिठाई समझकर खाती है."

आमचे हे म्हणाले की अण्णा तिथेच गेटच्या ओट्यावर बसले आणि शिफ्टचा भोंगा झाला तरी उठले नाहीत. अण्णा आणि भोंगा चुकवणार, हे ऐकून मलाच कसंतरी झालं.

मग त्यांनी रजा टाकली आणि हातात पेचकस घेऊन घरोघर फिरायला लागले. आपण केलेली प्रत्येक वस्तू वाजवून बघायची, संशय आला तर पेचकस खुपसून बघायची. गाद्या खाली, भांडी खाली, सगळ्या लायनीत पसारा. लोकांना सुरुवातीला गंमत वाटली. "अण्णा, आमची खाट पास का नापास?" ते हसत नव्हते. जे पोकळ निघालं ते स्वतः खांद्यावर टाकून नेत आणि फोडून टाकत. नंतर ती लाकडं लोकांनी बंबात घातली. धडाधड जळायची, आणि लायनीवर संध्याकाळभर तो गोड वास तरंगत राहायचा. बिष्ट खरंच सांगत होता. त्या वासानं अण्णांच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते धुराचं नव्हतं हे सगळ्यांना कळत होतं. कुणी त्यांना दोष दिला नाही. वर्षानुवर्षं फुकट राबलेल्या माणसाला काय बोलणार?

सगळ्या घरांत ते गेले, पण बालवाडीकडे फिरकेनात. मी वाट बघितली. शेवटी मीच त्यांच्या दारी गेले. ते ओसरीवर बसले होते, मोकळ्या तोंडानं.

"बाई, पोरांना उद्यापासनं सुट्टी द्या."

"का?"

"द्या म्हंतो ना. वर कुणी न्हाई, खाली बी कुणी न्हाई."

तेव्हा मला खरी भीती वाटली. इतके दिवस मी माळ्याकडे बघत होते आणि तो मला भक्कम दिसत होता. पण शिंद्यांच्या खाटेचा पायही भक्कमच दिसत होता. वर निजलेली पोरं आणि त्यांच्या अगदी खाली पाळण्यातली बाळं, एकाच्या अंगावर एक. मी घरी आले आणि मला जेवण गेलं नाही. अण्णांचं काय झालं असेल याचा विचार मला त्या दिवशी सुचला नाही. तो नंतर सुचला. त्या माणसाला नुसती पोरं पडण्याची भीती नव्हती. राणेंचं ते एक वाक्य खरं होण्याचीही भीती होती.

दुसऱ्या दिवशी मी पोरांना बाहेर लिंबाखाली बसवलं, बाळांना आयांच्या स्वाधीन केलं, आणि दारात उभी राहिले. अण्णा आत आले. आधी भिंत बघितली. भिंतीवरून मातीची एक बारीक रेघ वर चढलेली होती, वाळवी चढते तशी. ती रेघ वाकडीतिकडी होत पहिल्या खांबाच्या दिशेनं गेली होती आणि खांबापासून वीतभर अलीकडे थांबली होती. अण्णांनी खांब वाजवला. टणक आवाज आला. पेचकस टेकवला, जोर लावला, पेचकस घसरला. दुसरा खांब, तिसरा, चौथा. मग वरच्या फळ्या खालून, एकेक. प्रत्येक ठोक्याला मी डोळे मिटत होते. कुठेही पोकळ आवाज नाही.

त्यांचा विश्वास बसेना. गुडघ्यावर बसून त्यांनी खांबाच्या बुडाची माती उकरली. वरचं शेण निघालं, खाली काळी, चिकट माती लागली. चिमूट उचलून त्यांनी नाकाला लावली.

"बाई, हे तेल हाय."

"कसलं तेल?"

"भट्टीचं. जळकं." ते माझ्याकडे बघत राहिले. "हितं कोण आलतं?"

मी म्हटलं, "इथे कोण येणार? किल्ली माझ्याकडेच असते. फक्त राणे तेवढे दर मे महिन्यात हूक बघायला..."

आम्ही दोघांनीही वर हुकाकडे बघितलं. चांगला मनगटाएवढा हूक. त्याला हत्ती टांगला असता तरी वाकला नसता. तो दरवर्षी तपासायला लागतो असं मला इतकी वर्षं का वाटलं, देव जाणे.

अण्णा तडक राणेंच्या दारी गेले, आणि मी त्यांच्यामागे. राणे दाढी करत होते. अर्ध्या तोंडाला साबण.

"तेल तू घातलंस?" अण्णांनी विचारलं. इतक्या वर्षांनी बोललेलं पहिलं वाक्य.

"घातलंय."

"मला न सांगता?"

"तुका इचारलंय असतंय, तर तू घालूक दिलं असतंस काय?"

आतून राणेवहिनी बाहेर आल्या आणि त्यांनी इतक्या वर्षांची तक्रार एकदाच सांगून टाकली. म्हणे दरवर्षी मे महिन्यात हे जेवणाच्या डब्यातून तेल आणायचे. दुपारची भाकरी कागदात बांधून न्यायची, आणि पुढे महिनाभर डबा कितीही घासला तरी त्यातल्या माशांना भट्टीचा वास. "मी इचारलंय, कित्याक? तर म्हणतत, हुकाक लागता."

राणे साबण पुसत म्हणाले, "मी बोललंय ता बरा नाय बोललंय. पोरां पडतली म्हटलंय. मगे माझ्या मनात रवला. म्हटलंय, पडता नये."

अण्णा उंबऱ्यावर बसले. एवढा मोठा देह, तो उंबरा पूर्ण भरला. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि खांदे हलायला लागले. हसतायत की रडतायत ते मला कळेना, आणि मला वाटतं त्यांनाही कळत नव्हतं. मी मात्र सरळ रडले. इतक्या दिवसांची भीती अशी एकदम सुटली की दुसरं काही सुचलंच नाही. राणेंनी आत बघून सांगितलं, "चाय ठेव गो." आणि अण्णांच्या खिशातले खिळे, ते हलत होते म्हणून, वाजत होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला दोघं बरोबर निघाले. बोलत नव्हतेच. काय बोलायचं हे विसरून गेले असावेत. पण शेजारी शेजारी चालत होते, आणि मधलं दहा पावलांचं अंतर गेलं म्हणून लायनीतल्या पोरांना चुकल्यासारखं वाटत होतं.

त्यानंतर अण्णांनी बिष्टला गाठलं आणि त्याला गढवालचा म्हणायला लागले. इतरांनाही म्हणायला लावलं. बिष्ट सुट्टीवरून परत येताना त्यांच्यासाठी दोन वस्तू घेऊन आला. एक चीडचं फळ, लाकडी पाकळ्यांचं, मुठीएवढं. आणि एक खऱ्या देवदाराचा तुकडा. अण्णांनी तुकडा हुंगला, डोळे मिटले, पुन्हा हुंगला. मी म्हटलं, "काय, कोणता डोंगर?" ते म्हणाले, "ह्यो खरा हाय बाई. पर आपली पोरं त्या दुसऱ्याच्या वासात वाढली." आणि तो तुकडा बिष्टलाच परत देऊन टाकला. फळ मात्र ठेवून घेतलं आणि माळ्याच्या कठड्याला, बाणाच्या शेजारी टांगलं. त्या फळाची एक मजा होती. हवा दमट झाली की पाकळ्या मिटून घ्यायचं, कोरडी झाली की उघडायचं. पापड घालायच्या आधी लायनीतल्या बायका बालवाडीत डोकावून जायला लागल्या. शिंद्यांच्या म्हातारीनं त्यालाही हळदकुंकू लावलं.

आणि अण्णांनी स्वतःला एक नेम लावून घेतला. दर पावसाळा संपला की पेचकस घेऊन यायचे. दारातच म्हणायचे, "बाई, पोरं बाहेर घ्या." पोरं बाहेर गेल्याशिवाय हात लावायचे नाहीत. मग सगळे खांब, सगळ्या फळ्या. पोरं लिंबाखालून ठोके ऐकायची आणि म्हणायची, अण्णा डॉक्टर आले. तेल आता राणे उघडपणे आणत, वेगळ्या डब्यातून. निवृत्त होऊन कुरुळीला गेल्यावरही अण्णांचा नेम चुकला नाही. एसटीनं यायचे, वाजवायचे, चहा घ्यायचे, जायचे. मी कितीदा म्हटलं, अण्णा, आता बास, तो माळा आपल्या सगळ्यांना पुरून उरेल. ते ऐकायचे नाहीत. "पोरं बाहेर घ्या." राणेंच्या तेलानं माळा राहिला होता, पण ती भीती काही त्यांच्या अंगातून गेली नव्हती.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते एका हिवाळ्यात. त्यानंतर आम्ही निगडीला, प्राधिकरणाच्या नव्या वसाहतीत राहायला गेलो, बालवाडी दुसऱ्या बाईंकडे गेली, आणि भेट राहिली ती राहिलीच. दुपारची वेळ होती. पोरं माळ्याखाली रांगेत बसली होती, मी खिचडी वाढत होते. हवा कोरडी, कठड्यावरचं फळ पूर्ण उघडलेलं. दारात अण्णा उभे राहिले. केस पांढरे, दम लागलेला, तोंडाच्या कोपऱ्यात खिळे. आता ठोकायचं काही राहिलं नव्हतं, पण खिळे होते. मी सवयीनं वाढणं थांबवलं आणि पोरांना म्हटलं, "चला रे, उठा, बाहेर."

"ऱ्हाऊ द्या की," अण्णा म्हणाले. "जेवू द्या."

माझ्या लक्षात आलं, त्यांच्या हातात पेचकस नव्हता. ते पोरांच्या रांगेमधून, कुणाच्या ताटाला पाय लागणार नाही असे जपून, शिडीपाशी आले. तोंडातले खिळे काढून माझ्या तळहातावर ठेवले. "धरा जरा." आणि शिडी चढायला लागले. शिडी करकरली. इतक्या वर्षांत मी त्यांना वर चढताना पाहिलं नव्हतं. वर जाऊन त्यांनी बाण कुठे आहे ते बघितलं, तिकडे डोकं केलं आणि आडवे झाले. फळ्या एकदा कुईकन वाजल्या आणि गप्प झाल्या. थोड्या वेळानं घोरणं ऐकू यायला लागलं.

पोरं खिचडी खायची थांबून वर बघत होती. एक अगदी धाकटं, नुकतंच यायला लागलेलं, त्यानं मला विचारलं, "बाई, अण्णा पडतील?"

"नाही," मी म्हटलं. "जेव तू." आणि माझं ताट घेऊन मी त्याच्या शेजारी, माळ्याखाली, जेवायला बसले.